शेवळांची भाजी

प्रकाशक पेंढारकरांच्या टेबलावर हेमलताबाईंनी ई-रीडर आपटला. बाईंच्या रानभाज्यांच्या पुस्तकात फोटोंच्या जागी काळे चौकोन होते आणि तळटिपा साफ गायब.

"आमच्या मूळ ईपब फाइलमध्ये सगळं दिसतंय हो," पेंढारकर म्हणाले. "या फॉरमॅटमध्ये उडालं असेल. आणि तळटिपा वाचतं कोण, बाई?"

बाईंनी पिशवीतून डबा काढला. "शेवळांची भाजी आहे. तुमच्या ई-पुस्तकात बघून केलीय, शब्दन् शब्द पाळून. खा."

दुसऱ्याच घासाला पेंढारकर घसा धरून ओरडले, "अहो, पाणी! काटे टोचतायत घशात! काय घातलंय यात?"

"काय घातलं नाही ते विचारा. काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, हे मी लिहिलंय." बाई दाराकडे निघाल्या. "तळटीप सतरा. पाणी पीत पीत शोधा."