अकरावी मोटर

एकशे अठ्ठेचाळीस व्होल्ट.

गर्भात आलेलं धान, रोज पाणी मागणारं.

बांधावर वाघाच्या पंजाचा ठसा, ताजा.

ऑक्सिजनच्या मशीनची शिट्टी.

सगळं एकाच पहाटेचं. पाचला शेतीची लाइन आली, अकरा शेतांतल्या अकरा मोटरी एकदम सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडून सुगंधाबाईच्या घरातलं मशीन बंद झालं. ते पुन्हा चालू होईपर्यंत पेशंटचे ओठ निळे पडले होते.

मोटरींना ऑटो होते. लाइन आली की मोटर आपोआप चालू. पहाटे वाघाच्या वाटेनं जायला नको म्हणून सगळ्यांनीच बसवलेले.

ऊन चढायच्या आत सुगंधाबाई घरोघर फिरली.

"ऑटो काढा. एकेक मोटर लावली तं व्होल्टेज टिकते."

"अन पहाटे बटन दाबाले कोन जाईल? वाघ?" चैतू हसला.

"मी."

चैतूचं हसू थांबलं. दुपारपर्यंत दहा जणांनी ऑटो काढले.

अकरावा बापूराव. त्याची मोटर दहा एचपीची, गावात सगळ्यांत मोठी. ती बाकीच्यांसोबत एकदम लागली तरी व्होल्टेज पडणारच.

"पेशंट तुह्या घरचा हाय, सुगंधाबाई. माह्या घरचा नाई."

"माह्याच घरचा. मी कुठी नाई म्हनलं?"

"मंग माह्या धानाचं पानी काऊन तोडतं?"

"तोडत नाई. तुही मोटर शेवटी लागंल, पन लागंल. मी लावीन."

"वाघानं नेलं तं?"

"तं दुसऱ्या दिवशी तू लावजो."

त्यानं दार लावून घेतलं.

सलग चार दिवस पहाटे ती टॉर्च आणि काठी घेऊन निघाली. लाइन यायच्या आधी बापूरावच्या मोटरीचा मेन स्विच पाडायचा. मग दहा मोटरी, मध्ये थांबून थांबून. शेवटी पुन्हा त्याची. त्याचं धान एक दिवसही कोरडं राहिलं नाही.

पाचव्या पहाटे बापूराव मोटरीजवळ बसलेला. हातात काढलेला ऑटो.

"व्होल्टेज किती राह्यते आता?"

"दोनशे पाच."

"मशीन?"

"चालून राह्यलं."

त्यानं तिच्या हातातली काठी घेतली.

"उद्यापासून सगळ्या मोटरी मी लावतो. तू घरी राह्य. म्हातारीजवळ बस."

तीन वर्षांपूर्वी बापूरावनं आपल्या म्हाताऱ्या आईची ट्रंक अंगणात ठेवून दार लावलं होतं. सुगंधाबाईनं एका हातात ट्रंक घेतली, दुसऱ्या हातानं म्हातारीला धरलं आणि आपल्या घरी आणलं.