पाडव्याचं पल्सजेट

२०२३ सालच्या दिवाळी पाडव्याला सकाळी दहा वाजता कोल्हापूरच्या कसबा बावड्यात इंजिन पेटलं, आणि गाडी जागची हलली नाही.

इंजिन पेटल्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परतली. गाडीच्या उजव्या बाजूला बसवलेली लांब नळी आधी तपकिरी झाली, मग लाल झाली. चाकं मात्र गप्प होती.

गाडीत कृष्णात बसला होता. वय बासष्ट. चाळीस वर्षं त्यानं फाउंड्रीत दुसऱ्यांच्या इंजिनांचे भाग ओतले होते. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःचं एक इंजिन करायला घेतलं. पिस्टन नाही, पंखा नाही. पत्र्याच्या नळीत गॅस सोडायचा, ठिणगी द्यायची, की स्फोटामागून स्फोट होत नळीच गाडी ढकलणार. याला पल्सजेट म्हणतात, हे त्याला मोबाइलवर कळलं होतं. दीड वर्ष खपून त्यानं ते उभं केलं, आणि उभं केलं ते धाकट्या भावाच्या, गुंडूच्या, म्हशीशेजारी, अर्ध्या गोठ्यात.

गोठा वडिलांनी दोघांना ठेवलेला. गुंडूला दुसरी म्हैस आणायची होती. कृष्णातला दुसरीकडे जागा नव्हती, आणि घरात बसून टीव्ही बघायचा त्याला मनस्वी कंटाळा होता. भांडण वाढलं तेव्हा दोघांच्या थोरल्या बहिणीनं, तानाबाईंनी, पैज ठरवून दिली. पाडव्याला गाडी तालमीपासून चौकातल्या चुन्याच्या रेघेपर्यंत आली, तर अर्धा गोठा कायमचा कृष्णातचा. नाही आली, तर सगळा गोठा म्हशींचा आणि इंजिन भंगारात. अंतर सत्तर पावलांचं. रेघेवर खुर्ची टाकून तानाबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या.

घोटाळा नळीच्या पुढच्या तोंडाचा होता. आग दोन्ही तोंडांनी बाहेर पडत होती. मागची गाडीला पुढं ढकलत होती, पुढची मागं. नळी जोडणारा वेल्डर लालासाब हे आधीच बोलला होता.

"पुढचं तोंड वळवून मागं घेऊया, कृष्णातभाऊ."

"इंजानाचं तोंड म्होरंच पायजे," कृष्णात म्हणाला होता. "तोंड फिरवून जायाला मी काय रुसलेला पावणा हाय?"

आता गुंडू त्याच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "दादा, आवाज झकास हाय की. वरातीला भाड्यानं दे."

गर्दी हसली. कृष्णात हसला नाही. त्यानं गॅस आणखी सोडला. मग तो खांदे पुढं टाकून बसल्या बसल्या गाडीला रेटू लागला, लहान मूल उंबऱ्यावर बसून गाडी-गाडी खेळतं तसं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता. गुंडू जरा वेळ बघत राहिला आणि गर्दीतून मागं निघून गेला.

मागं त्याची म्हैस, राणी, बांधलेली होती. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपीस. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, त्याही सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीच्या मागं. राणीला हे रेडकू असल्यापासून शिकवलं होतं. आवाज झाला की मागं पळायचं. गाठलं की चालवणाऱ्याच्या पाठीला कपाळ लावायचं. कपाळ लागलं की गूळ मिळतो. असला आवाज मात्र तिनं उभ्या आयुष्यात मोकळ्या रस्त्यावर ऐकला नव्हता.

"दावं तुटलं," गुंडू ओरडला. "सरका रं, सरका."

गर्दी दुभंगली. कृष्णातनं मागं वळून पाहिलं तर शिंगं त्याच्याकडंच येत होती. भीतीनं त्यानं गॅसचा कॉक बंद केला. बावड्यात एकदम शांतता पसरली.

राणीनं गाडी गाठली होती. तिनं रीतसर कपाळ टेकवलं, सीटच्या पाठीला. अख्ख्या टाकीतल्या गॅसनं न हललेली गाडी चार पावलं पुढं गेली. गूळ मिळाला नाही. राणी चार पावलं चालली आणि तिनं पुन्हा कपाळ लावलं. गाडी पुन्हा पुढं.

"गूळ न्हाय माझ्याकडं, बाई," कृष्णात स्टिअरिंगला मिठी मारून सांगत होता. "आईशपथ न्हाय."

राणीचा विश्वास बसला नाही. असं करत करत गाडीनं चुन्याची रेघ ओलांडली आणि ती तानाबाईंच्या पायाशी येऊन थांबली.

मग जी बोंबाबोंब झाली तिच्यापुढं इंजिन काहीच नव्हतं. निम्मे लोक म्हणाले, ही तर म्हशीची ढकलगाडी. तानाबाईंनी हात वर केला.

"गाडी रेघंवर यायची हुती. आली न्हवं? कुणी आणायची, ह्ये तुमी बोलला न्हाईसा. गोठा अर्धा कृष्णातचा."

सगळ्यांनी गुंडूकडं पाहिलं. शेवग्याच्या एका फांदीवरून शेजाऱ्याशी तीन वर्षं न बोललेला हा माणूस. गुंडूनं खिशातून गूळ काढून राणीला दिला.

"आक्का म्हणती तसं," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी लालासाबनं नळीचं तोंड वळवलं. गाडी स्वतःच्या बळावर बावीस पावलं गेली आणि वळून तालमीच्याच भिंतीवर आदळली. तेव्हापासून लालासाब फक्त खिडक्यांच्या जाळ्या करतो. कृष्णात अर्ध्या गोठ्यात दुसरं इंजिन जोडतो आहे. राणी आता साध्या मोटारसायकलीच्या आवाजाला कानसुद्धा हलवत नाही. गुंडूची दुसरी म्हैस परसात पत्र्याखाली असते. "तुझ्याच म्हशीनं तुला पाडलं," असं कृष्णात त्याला चारचौघांत हिणवतो, आणि गुंडू ते मुकाट ऐकून घेतो.

तानाबाईंनी पुढं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पण त्या पाडव्यालाही त्यांना लांबचं चांगलं दिसत होतं. गर्दी दुभंगण्याआधीच त्यांनी खुर्चीवरून माणसांच्या फटीतून पाहिलं होतं, की गुंडूनं दाव्याची गाठ सोडली, राणीच्या पाठीवर थाप मारली, आणि मग तो ओरडला.