आरशाची काच

नव्या खिडक्यांत थोरल्या जाऊबाईंचा फायदाच फायदा होता. कंबर धरल्याचं निमित्त करून त्यांनी अंथरुणावरच्या सासूबाई समोर राहणाऱ्या धाकटीच्या गळ्यात घातल्या होत्या. आता ती त्यांचं करते की नाही, यावर गुपचूप पहारा ठेवायचा होता. म्हणून दुकानात साध्या, दुधी, दुहेरी काचांना नाक मुरडून त्यांनी आरशाची काच पसंत केली.

"आतून सगळं दिसतं, बाहेरून काही नाही," दुकानदार म्हणाला. "पण घरात दिवे लागले की उलटं होतं. तेव्हा पडदा ओढा."

"पडदेच लावायचे, तर तुमची काच कशाला घेऊ?"

खिडक्या बसल्या त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी दिवे लावले, पदर खोचला आणि कपड्यांनी भरलेलं कपाट एकटीने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलत नेलं.

समोरून धाकटी ओरडली, "जाऊबाई, कंबर ठणठणीत दिसतेय हो! सासूबाईंनाही उशीला टेकवून दाखवलं!"

सकाळी सासूबाईंचा पलंग थोरलीकडे आला.

"मला त्या खिडकीशी निजव," सासूबाई म्हणाल्या. "धाकटीवर लक्ष मी ठेवते. तू माझं शौचाचं भांडं रिकामं करून आण."