काचेपलीकडचं पिल्लू

काचेपलीकडे हेमांगीनं एका दिवसाच्या बदकपिल्लाला सुई टोचली आणि उबदार पेटीत ठेवलं. मग हातमोजे काढून, आठ महिन्यांचं पोट सावरत ती बाहेर आली. लेकीची प्रयोगशाळा पाहायला आलेल्या कुमुदताई काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"काय दिलंस गं त्याला?"

"काविळीचा विषाणू. बदकांतला आहे, माणसाला बाधत नाही. मोठ्या बदकाला दिला तर ते बरं होतं. पण जन्मतःच शिरला, तर यकृतात कायमचा राहतो."

"आणि माणसांत?"

"तसंच," हेमांगी बोलून गेली आणि चपापली. गरोदरपणातल्या तपासणीत तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी, माणसांतला तसाच काविळीचा विषाणू, निघाला, तेव्हा ‘कुठली तरी सुई बाधली असेल’ असं तिनंच आईला सांगितलं होतं.

कुमुदताई पिल्लाकडे पाहत राहिल्या. ते टुणटुणीत दिसत होतं, चोचीनं पाणी उडवत होतं.

"जन्मतःच म्हणजे आईकडूनच ना? म्हणजे मीच दिलं तुला."

"आई, तुला कुठं माहीत होतं? तेव्हा लस तरी कुणाला मिळत होती?"



पुढच्या महिन्यात हेमांगीला मुलगी झाली. जन्मताच तिला लस आणि संरक्षक इंजेक्शन, दोन्ही दिली. आता काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले.

"आई, घे ना तिला. हात लावून काही होत नाही."

"ठाऊक आहे गं," म्हणत कुमुदताई बेसिनपाशी गेल्या आणि त्यांनी पुन्हा साबण घेतला. बोटं सुरकुतून पांढरी पडली होती, तरी नळ चालूच होता.