पाडलेल्या पुलाची खडी

“पाडलेल्या पुलाचा चुरा आमच्या पूरभिंतीत? उद्या भिंत फुटली तर गाव वाहून जाईल!” सरपंच हौसाबाई प्रयोगशाळेत येताच कडाडल्या.

“तुम्हीच बघा, मावशी,” अभियंता शर्वरी म्हणाली. पूल फोडून काढलेली खडी नव्या खडीत मिसळून तिने काँक्रीटचे ठोकळे केले होते. जुन्या खडीला चिकटलेलं सिमेंट फार पाणी पितं, म्हणून ती आधी भिजवून घेतली होती. तिने एक ठोकळा दाबयंत्रात ठेवला.

काटा पूरभिंतीला लागणाऱ्या ताकदीच्या आकड्यापाशी आला. हौसाबाई पुढे झुकल्या. काटा तो आकडा ओलांडून चढतच राहिला आणि बऱ्याच वेळाने ठोकळा फुटला.

हौसाबाईंनी त्यातला एक तुकडा उचलला. आत जुनं सिमेंट चिकटलेला काळा दगड लखलखत होता. त्या कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

“हा पूल बांधताना माझी आई डोक्यावरून खडी वाहायची,” त्या हळूच म्हणाल्या. “आई गेली, पूलही गेला. आणि तिनं वाहिलेला दगड अजून एवढं ओझं पेलतोय?”



हौसाबाईंनी तो तुकडा कपाळाला लावला. “बांध भिंत, पोरी.”