फुली दिसली की गप्प

माझ्या मेंदूतली गाठ बोलण्याच्या केंद्राला खेटून बसली होती. दोन्हींमधली हद्द एमआरआयवर शोधायची होती. पडद्यावर चित्र दिसलं की मनात त्याचं नाव घ्यायचं. फुली दिसली की मनातही गप्प राहायचं. घाबरल्यास दाबायला मुठीत रबरी फुगा होता. मी मात्र फुली दिसताच मनातल्या मनात गाठीला शिव्या हासडायचे. “मावशी, तुमचं मनातलं बोलणंही इथे दिसतंय, गप्प बसा ना,” तंत्रज्ञ माइकवरून वैतागला. त्याच्या शेजारून नवरा ओरडला, “लग्नापासून मीही हेच सांगतोय!” शेवटी मी खरंच गप्प झाले. आत इतकी सामसूम, की मीच उरले नाही. फुगा दाबणारच होते, पण दाबला नाही. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, “मग तुमच्या हट्टाप्रमाणे ऑपरेशनला पूर्ण भूल देऊ?” “नको. मला जागीच ठेवा. मी बडबडत राहीन. माझं तोंड थांबलं, की तुमची सुरी थांबली पाहिजे!”