बाईंचा शेरा

कानडी मुलखात नव्यानं वसलेल्या राजाजीनगरातल्या रविवारच्या मराठी वर्गात हेमलताबाईंचा नियम होता: वाचलेल्या पुस्तकाबद्दल वहीत चार ओळी लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. लिहिलेल्यावर लाल पेन्सिलीनं शेरा ठरलेला, “अक्षर सुधारा.” गवंडी यल्लाप्पाच्या कस्तुरीनं कवितांचं पुस्तक परत करून वही उघडली, तर पानभर कानडी! पुण्याहून नुकत्याच आलेल्या बाई वैतागल्या. “हे मी कसं वाचू?” “मराठीच आहे, अक्का. शाळेत अक्षरं हीच शिकवतात.” कस्तुरीनं वाचून दाखवलं: “कवितेतली साळुंकी घर शोधते. परांचीचे वासे काढल्यावर आप्पा भिंतीत उरलेली सगळी भोकं बुजवतात, एकच सोडतात. का, ते आज कळलं.” बाईंनी दुसरं पुस्तक दिलं, वही ठेवून घेतली. पुढच्या रविवारी वहीत लाल शेरा होता, वाकड्यातिकड्या कानडी अक्षरांत: “फार छान.” कस्तुरीनं बोट ठेवून वाचलं, मान डोलावली. “सरी, अक्का. पण अक्षर सुधारा.”